ठणका नव्हे, सणक

केस पेपरवर पेशंटचं नाव, गाव, वय झालं की पहिला मोठा रकाना येतो तो तक्रारीचा. हा रकाना पेशंटच्या स्वतःच्या शब्दांत भरायचा असतो. दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला हे आमच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आम्ही सांगितलं असतं. तोंडी परीक्षेत हा प्रश्न ठरलेला. मुख्य तक्रार कशी लिहाल? पेशंटच्या स्वतःच्या शब्दांत, सर. सर खूश. आणि मग तोच विद्यार्थी ओपीडीत येऊन त्या रकान्यात लिहायचा, ‘पेन इन लोअर राइट बॅक टूथ रीजन’.

मी शपथेवर सांगते, नेवासा घ्या, शेवगाव घ्या, पाथर्डी घ्या, नगर जिल्ह्यातल्या एकाही बाईने आमच्या खुर्चीत बसून ‘लोअर राइट बॅक टूथ रीजन’ असं आजवर म्हटलेलं नाही. ती म्हणते, दाढ ठणकती. ती म्हणते, थंड पानी लागलं की दात आंबत्यात. हिरडी हुळहुळती, घास चावला की कळ येती, रातभर ठसठसतंय. यातला एकेक शब्द वेगळा आहे आणि वेगळ्या दुखण्याचा आहे. आंबणाऱ्या दाताला जे करायचं ते ठणकणाऱ्या दाताला करून चालत नाही. बायका हे सगळं न विचारता, आपण होऊन सांगायच्या, आणि आम्ही त्या शब्दांची एकच मोळी बांधून वर ‘पेन’ अशी चिठ्ठी लावायचो.

फायली भरण्याचं आमचं शास्त्रच वेगळं होतं. सीनिअरची जुनी फाईल समोर ठेवायची आणि पेशंट यायच्या आधीच निम्मे रकाने उरकून टाकायचे. जुने आजार, नाहीत. औषधांची ॲलर्जी, नाही. घरच्यांचे आजार, नाहीत. पेशंट खुर्चीत टेकेपर्यंत त्याची प्रकृती आम्ही ठणठणीत करून ठेवलेली असायची. पांढऱ्या मिशांच्या एका आजोबांच्या कागदावर ‘गरोदर नाही’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे, आणि त्याखाली वरिष्ठांची सही होती. तंबाखूच्या रकान्याचं तर विचारूच नका. "तंबाखू खाता का?" म्हटलं की म्हातारी ठसक्यात "न्हाई" म्हणायची, आणि ती खोटं बोलत नव्हती. ती तंबाखू खात नव्हती, तव्यावर भाजून तिची मिश्री करून दाताला लावत होती. रकाना खाण्याचा होता, लावण्याचा नव्हता. त्यामुळे मिश्रीने काळे पडलेले दात घेऊन आलेल्या कितीतरी म्हाताऱ्या आमच्या कागदोपत्री निर्व्यसनी ठरल्या. याला रेकॉर्ड ठेवणं म्हणत असतील तर पाट्या टाकणं कशाला म्हणायचं, हे मला कोणीतरी सांगावं.

दातांशी माझी ओळख कॉलेजात झालेली नाही, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात झाली. वडिलांचा म्हशींचा व्यवहार. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायची. ते म्हशीचं वय ओळखायला तिचा जबडा उघडून आत बघायचे आणि जे दिसलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे, दोन दाती, चार दाती, जुळलेली. समोर विकणारा आहे की घेणारा, याने त्यांच्या बोलण्यात फरक पडायचा नाही. यावरून त्यांची दोस्तमंडळींशी भांडणं झालेली मी पाहिली आहेत. मला दंतवैद्यकाला प्रवेश मिळाला तेव्हा भावकीतल्या लोकांनी दात काढले, बापानं म्हशींचे दात बघितले, आता पोरगी माणसांचे बघणार. त्यांना तो टोमणा वाटला. मला त्यात गैर काय ते अजून कळलेलं नाही.

इंटर्नशिपच्या वर्षात, म्हणजे परीक्षा संपल्यावर वरिष्ठांच्या हाताखाली काम करायचं जे वर्ष असतं त्यात, मी दात काढण्याच्या विभागात होते. थंडीचे दिवस होते. सकाळच्या गर्दीत एक मावशी आल्या. पन्नाशीच्या असतील. नेवाशाकडच्या, घरी दुधाचा धंदा. डोक्यावरचा पदर त्यांनी उजव्या गालावरून ओढून हनुवटीखाली घट्ट धरला होता आणि खुर्चीत बसल्यावरही सोडला नाही. त्यांचे मालक मोटारसायकलवरून घेऊन आले होते, ते बाहेर बाकावर बसले. मावशींच्या हातातल्या ओपीडीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, सत्तेचाळीस नंबरची दाढ काढणे.

आमच्याकडे दाताला नंबर असतो. सत्तेचाळीस म्हणजे उजवीकडची, खालची, अक्कलदाढेच्या अलीकडची. तिच्या शेजारची सेहेचाळीस नंबरची आमच्याच विभागात आधी काढलेली होती आणि जागा छान भरून आली होती. माझ्याच बॅचच्या मुलाने ती काढली होती, तेव्हाचा कागदही त्यानेच लिहिला होता. त्याचा हात खरंच चांगला आहे, हे मी आजही म्हणते.

मी फाईल मांडीवर घेतली. मागच्या वेळचा कागद आणि आजचा कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर तेच वाक्य होतं, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. फक्त सेहेचाळीसचे सत्तेचाळीस झाले होते. ओपीडीत कोणीतरी जुना कागद समोर ठेवून नवा उतरवून काढला होता. निदानसुद्धा तेच, दाढ खोल किडलेली. मी आजचा एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरला. दाढेच्या माथ्यावर एक बारीकशी काळी रेघ होती, तेवढीच. खोल कीड काही मला सापडेना.

"मावशी, दाढ ठणकती का?" मी विचारलं.

"ठणकत न्हाई गं. ठणका काय असतो त्ये मला ठावं हाय. थोरल्याच्या येळंला दाढ सुजली हुती, तवा ठणकायची, रातभर. ह्ये ठणकत न्हाई. ह्ये सणकतंय."

"म्हंजी कसं?"

"वारं लागलं की सणक निघती. हितनं निघती, डोळ्यापोतूर जाती अन् आपसूक जाती. परत काय न्हाई. तोंड धुवाया घेतलं की निघती. धार काढताना म्हशीच्या पोटाला गाल टेकला की निघती. आता मान पल्याड करून धार काढती मी, तर म्हसरू बी बिचकतंय."

"हे मागच्या वेळी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं की. त्या डॉक्टर पोरानं लिवून घेतलं."

लिवून घेतलं. फाईल माझ्या मांडीवर उघडी होती आणि तिच्यात सणक कुठेही नव्हती.

मी तोंडात बघायच्या आरशाच्या दांडीने दाढेवर टकटक केलं. मावशी शांत. जरा जोर लावून केलं, तरी शांत. मग आरसा बाहेर काढताना माझं बोट त्यांच्या नाकपुडीच्या शेजारी नुसतं लागलं, आणि त्या खुर्चीत ताठ झाल्या. हात गालाकडे गेला, पण गालाला लावला नाही, बोटभर अंतरावर तसाच थांबला. डोळ्यांतून पाणी आलं. मग जसं आलं तसं ते सगळं निघून गेलं आणि त्यांनी पदर पुन्हा सारखा केला.

शेवटच्या वर्षाच्या पुस्तकात हे आख्खं होतं. चेहऱ्याच्या शिरेचं दुखणं, विजेच्या झटक्यासारखं, वारा लागला किंवा तोंड धुतलं की उठणारं आणि लगेच थांबणारं. दातच दुखतोय असं समजून या लोकांचे एकामागून एक चांगले दात काढले जातात, असंही त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आम्ही त्यावर परीक्षेत पानं भरून मार्क घेतले होते. ते दुखणं आमच्या ओपीडीत आपल्या पायांनी चालत आलं, आपलं नाव सांगून खुर्चीत बसलं, आणि नाव मराठीत होतं म्हणून कोणी ओळख दाखवली नाही. मला त्या क्षणी भयंकर राग आला. अजून येतो.

मी इंजेक्शनचा ट्रे बाजूला सारला. पहिला विरोध मावशींनीच केला.

"काढून टाक गं बाई एकदाची. मालकांनी समदं काम टाकून आनलंय मला."

"मावशी, दाढ चांगली हाय."

"मंग सणक का निघती?"

"सणक दाढंत न्हाई, वरच्या शिरंत हाय. मागची काढली, तरी थांबली का?"

"न्हाई थांबली. म्हनून तर ही काढाया आली."

"मावशी, म्हैस लाथ मारती म्हणून कुणी तिचं शिंग कापतं का?"

मावशींना हसू आलं. हसल्या तशी गाल हलला आणि सणक निघाली. त्या पुन्हा ताठ झाल्या, हात पुन्हा गालाशी जाऊन अधांतरी थांबला. मी जीभ चावली आणि त्यानंतर त्यांच्याशी बोलताना विनोद करायचा नाही असं ठरवून टाकलं.

एवढ्यात विभागाच्या मॅडम आल्या. माझ्या खुर्चीमागे रांग वाढत चालली होती.

"अजून इंजेक्शन दिलं नाहीस?"

"मॅडम, ही दाढ काढायची नाही."

"हे कोणी ठरवलं? चिठ्ठीवर स्टाफची सही आहे."

"पेशंट म्हणतायत ठणकत नाही, सणकतंय."

"म्हणजे पेनच ना?"

"नाही, मॅडम."

मॅडम नगरच्याच. घरी त्याही दाढ ठणकते असंच म्हणत असणार, कॉलेजच्या फाटकातून आत आल्यावरच ती पेन होत असणार. पण त्या वाईट नव्हत्या, हे सांगायलाच हवं. त्यांनी हातमोजा घातला, मावशींच्या नाकपुडीशेजारी बोट अलगद टेकवलं, आणि पुढचं सगळं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मेडिसिनला पाठव. चिठ्ठी लिही, मी सही करते." चिठ्ठी मी लिहिली, त्यांनी सही केली. मावशी पदर धरून, दाढ शाबूत घेऊन, मालकांच्या मागे मेडिसिनच्या ओपीडीकडे गेल्या.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण केस पेपर राहिला होता.

ओपीडीतून आलेला तो उतरवलेला कागद मी बाजूला ठेवला आणि नवा घेतला. तक्रारीच्या रकान्यात देवनागरीत लिहिलं, ‘ह्ये ठणकत न्हाई, सणकतंय. वारं लागलं की सणक निघती, डोळ्यापोतूर जाती अन् आपसूक जाती.’ खाली तपासणी, निदान, सगळं रीतसर इंग्रजीत लिहिलं. मॅडमनी सहीसाठी पेन उघडलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय आहे?"

"मुख्य तक्रार. पेशंटच्या स्वतःच्या शब्दांत."

"आपली फाईल इंग्रजीत असते. हे ग्रामपंचायतीचं दप्तर आहे का? हा कागद फाड आणि दुसरा कर."

"दुसरा केला तर शब्द माझे होतील, मॅडम. पेशंटचे राहणार नाहीत."

"लॅन्सिनेटिंग पेन लिही ना. पुस्तकातला सणकेसाठीचाच शब्द आहे."

"ते खाली लिहिलंय. पण मावशी तसं म्हणाल्या नाहीत."

"पुढे ऑडिट आहे. ही फाईल कोणी उघडली तर काय म्हणेल?"

"उघडली तर कळेल तरी, काय दुखत होतं ते."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. मी कागद फाडला नाही आणि त्यांनी सही केली नाही. सही नाही म्हणजे ती केस माझ्या नावावर नाही, म्हणजे जणू ती सकाळच झालेली नाही. मैत्रिणींनी दातांच्या कण्या केल्या. एक ओळ बदलल्याने तुझं काय जातंय, म्हणाल्या. माझं काहीच जात नव्हतं. मावशींची दाढ जाता जाता राहिली होती आणि त्यांची एक आधीच गेली होती, तीही याच एका ओळीपायी. मी ते मैत्रिणींना सांगितलं, पण जेवणाच्या सुट्टीत असलं ऐकायला कोणाला आवडत नाही.

बॅचने माझं नाव सणकी ठेवलं. ज्याने मावशींची पहिली दाढ काढली होती, त्यानेच ते पहिल्यांदा वापरलं. एकदा त्याने माझी समजूतही घातली. "अगं, रकानाच एका ओळीचा आहे. त्यात तुझी कादंबरी कशी बसणार?" मी म्हटलं, "सणक तीन अक्षरांची आहे. लोअर राइट बॅक टूथ रीजन बसतं ना त्यात?" तो मनाने सरळ होता. मावशींचं म्हणणं त्याने ऐकलं नव्हतं असंही नाही. ऐकलं, मनातल्या मनात इंग्रजी केलं आणि लिहिलं. आम्हा सगळ्यांना हेच शिकवलं होतं, आणि तो शिकवलेलं नीट करणारा मुलगा होता.

ऑडिट झालं. बाहेरची तपासणी यायच्या आधी विद्यार्थी पेशंटच्या नोंदी कशा ठेवतात हे कॉलेजनेच एकदा तपासून घेतलं. रीत अशी होती की कपाटातून काही फायली उपसायच्या आणि रकाने बघायचे. रकाना भरलेला असेल तर खूण, रिकामा असेल तर फुली. तारीख आहे का, सही आहे का, संमती आहे का, दातांच्या आकृतीवर नंबर लाल पेनाने केलाय का. लिहिलंय ते खरं आहे का, हा रकाना त्यांच्या यादीत नव्हता. लिहिलेलं वाचायचं काम कोणाकडे नव्हतंच.

मावशींची फाईल निघाली. त्यातला पहिल्या भेटीचा कागद नमुना म्हणून निवडला गेला. पेशंटच्या नावावर पांढरी पट्टी चिकटवून त्याची प्रत विभागाच्या बोर्डावर लावली आणि वर लिहिलं, परिपूर्ण नोंद. खरंच परिपूर्ण होती. सगळे रकाने भरलेले, अक्षर मोत्यासारखं, सह्या जागच्या जागी. एका धडधाकट दाढेचा इतका नीटनेटका पंचनामा मी दुसरा पाहिलेला नाही. त्याच फाईलमधला माझा कागद अपूर्ण नोंदींच्या यादीत गेला. शेरा होता, सही नाही, भाषा अयोग्य.

त्या बोर्डासमोर मी माझ्या त्या बॅचमेटला उभं केलं आणि पांढऱ्या पट्टीखाली कोणाचं नाव आहे ते सांगितलं. सेहेचाळीसचा जुना एक्स-रे फाईलमधून काढून आणला होता, तो त्याच्या हातात दिला. त्याने तो खिडकीकडे तोंड करून धरला. बराच वेळ धरला. दुसऱ्या दिवशी बोर्डावर नुसत्या पिना होत्या. कागद कोणी काढला याची चौकशी झाली, पण त्याने सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यानंतर मला सणकी म्हणायचं मात्र त्याने बंद केलं.

मला बोलावणं आलं. मॅडम आणि आणखी दोघं वरिष्ठ टेबलापलीकडे बसले होते. त्यांचं म्हणणं सोपं होतं. कोरा कागद घे, इंग्रजीत लिही, त्या दिवशीची तारीख टाक, सही आम्ही करतो, विषय संपला.

"त्या दिवशीची तारीख आज कशी टाकू?" मी विचारलं.

"सगळे टाकतात."

"म्हणूनच विचारते, सर."

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला उर्मट ठरवलं गेलं, आणि तेवढं त्यांचं बरोबर होतं. माझी त्या विभागातली मुदत वाढवण्यात आली. बाकीची बॅच पुढे सरकली आणि मी तिथेच राहिले. वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "लिवलंय त्ये खरं हाय का?" मी म्हटलं, खरं आहे. "मंग ऱ्हा तिथंच. म्हशी काय पळून चालल्या न्हाईत." आणि फोन ठेवला.

राहिले म्हणूनच पुढचं बघायला मिळालं. थंडी संपत आली होती. एका सकाळी मावशी दारात उभ्या. पदर डोक्यावर होता, चेहरा उघडा होता. खिडकीतून सरळ वारा येत होता त्या खुर्चीत त्या आपण होऊन बसल्या. मी विचारलं, सणक?

"गोळी चालू हाय तवर न्हाई. आमचं मालक म्हनत हुते, ही फिटची गोळी, हिला कुटं फिट येती. पर मी घेती. म्हशीला गाल लावून धार काढती आता."

शिरेच्या या दुखण्यावर फिटचीच गोळी देतात. मग त्यांनी तोंड उघडलं आणि बोटाने ती रिकामी जागा दाखवली, सेहेचाळीसची.

"मला एक सांग. ही पन चांगलीच हुती का?"

अशा प्रश्नाला कसं उत्तर द्यायचं हे आम्हाला शिकवलेलं असतं. त्या वेळी जे दिसलं त्यावरून निर्णय घेतला, असं म्हणायचं. आपल्या माणसाबद्दल पेशंटसमोर बोलायचं नाही. मला ही वाक्यं पाठ होती. मावशी माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांचं बोट अजून त्या जागेवर होतं.

"व्हय मावशी," मी म्हटलं. "चांगली हुती."

त्यांनी तोंड मिटलं. रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या त्या कागदावर काय लिवलंय तिचं?"

मी फाईल आणली आणि शेवटची ओळ वाचून दाखवली. दाढ काढली, अनइव्हेंटफुल.

"म्हंजी?"

"म्हंजी काही घडलं न्हाई."

"माजी चांगली दाढ गेली, अन् काय घडलं न्हाई?"

मावशींनी फाईलकडे हनुवटीने खूण केली.

"मंग आता लिव. खरं हाय त्ये लिव."

मी जुन्या ओळीवर रेघ मारली नाही. तिच्याखाली मी लिहीत होते त्याच दिवसाची तारीख घातली, मागची नाही, आणि देवनागरीत लिहिलं, ‘काढलेली ४६ नंबरची दाढ चांगली होती. दुखणं सणकेचं होतं. पेशंटने पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं.’ खाली माझी सही केली आणि मावशींना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

पेन खिशात ठेवेपर्यंत मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी फाईल उचलून वाचली. पुन्हा एकदा वाचली.

"हे कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंस?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशी खुर्चीतून म्हणाल्या, "म्या सांगितलं. पयल्या दिवशी बी म्याच सांगितलं हुतं. हिनं फकस्त लिवलं."

मॅडमनी मावशींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. सही केली नाही. पण कागद फाडलाही नाही. फाईल मिटली आणि स्वतःच्या हाताने कपाटात ठेवून आल्या.

ती फाईल अजून त्या कपाटात असेल. मी आता तालुक्याच्या गावी माझ्या छोट्या दवाखान्यात बसते, आणि तक्रारीचा रकाना पेशंट बोलेल तसाच भरते. तिकडे मात्र कधीतरी पुन्हा तपासणी होईल, कोणीतरी यादी घेऊन बसेल, त्या कागदापाशी येऊन थांबेल, सही नाही, भाषा अयोग्य, फुली. नोंद अपूर्ण आहे म्हणेल.

म्हणू दे.